पांढरी साडी आणि काळवंडलेला चेहरा

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. वडील १९८८ साली जालन्याकडचे गाव सोडून वाळूजला कंपनीत लागले, तेव्हापासूनची. तिच्यात रेशनकार्ड, शाळेचे दाखले, जातीची प्रमाणपत्रे आणि तळाशी ताईच्या लग्नाचा अल्बम. लग्न १९९६ चे. रांजणगाव शेणपुंजीला खोल्यांसमोरच्या मोकळ्या जागेत मांडव होता. तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर ताई पांढऱ्या साडीत उभी आहे, शेजारी पांढऱ्या सफारीत दाजी. हारातले फूल नि फूल मोजता येते. साडी तेवढी जरा मळकट, राखी वाटते. आणि ताईचा चेहरा म्हणजे नुसता काळपट गोळा. नाक-डोळे आपण आठवणीने भरून घ्यायचे.

परवा पेटी आवरताना तो अल्बम निघाला. आमच्या मुलीने विचारले, "आजी, आत्या एवढी काळी होती?"

आई हसली. म्हणाली, "आपण काळेच गं बाई. त्याला फोटूवाला काय करणार?"

फोटो हाती आले तेव्हा तो फोटोग्राफरही हेच म्हणाला होता. आम्ही सगळ्यांनी ते मुकाट्याने मान्य केले होते. राहिलेले पैसेही देऊन टाकले होते.

वाचकहो, आमची ताई सावळी आहे. पण शंभर बायांत तिचे डोळे ओळखू येतात. मग फोटोतून ते डोळे गेले कुठे? हा प्रश्न त्या दिवसापासून डोक्यात बसला. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, विज्ञानाशी आमचा संबंध दहावीपर्यंतचा. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्या मित्राकडे चार संध्याकाळी बसलो, काही वाचले, मोबाईलवर प्रयोग करून पाहिले. आणि लक्षात आले, की ही गोष्ट बरीचशी आमच्याच धंद्यातली आहे. हिशेबाची.

कॅमेऱ्यात उजेड मोजणारा एक भाग असतो, त्याला मीटर म्हणतात. किती उजेड आत घ्यायचा ते तो ठरवतो. आता या मीटरला माणूस, साडी, भिंत, झाड यांतले काही कळत नाही. त्याला एवढेच शिकवलेले असते, की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखी रंगाचे आहे, म्हणजे पडलेल्या उजेडातला साधारण १८ टक्के परत फेकणारे आहे. समोर काहीही असो, तो त्याला त्या राखी सरासरीवर आणून ठेवतो.

सरासरीची गंमत कामगाराला सांगायला नको. दहा माणसांच्या खात्यात एका साहेबाला एक लाख आणि नऊ जणांना पंधरा-पंधरा हजार मिळत असतील, तर सरासरी पगार साडेतेवीस हजार निघतो. कागदावर तो आकडा बरोबर. पण साडेतेवीस हजार त्या खात्यात एकालाही मिळत नाहीत.

तसेच फोटोचे. स्वच्छ पांढरे कापड पडलेल्या उजेडातला सुमारे ९० टक्के परत फेकते. सावळी त्वचा दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास. चौकटभर पांढऱ्या साड्या असल्या, की मीटर म्हणतो, बाप रे, केवढा हा उजेड! आणि सगळा उजेड पाचव्या हिश्शावर आणतो. नव्वदचे अठरा झाले, म्हणून साडी मळकट राखी. दहा-पंधराचे झाले दोन-तीन. दोन-तीन टक्के म्हणजे जवळजवळ काळ्या छत्रीचा रंग. ताईच्या वेळी फ्लॅशगनमध्येही असाच मोजणारा डोळा असायचा आणि रोल धुतल्यावर छापणारे यंत्रही सरासरीच काढायचे. चुकीवर चूक चढत गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लोक पांढरी वस्त्रे नेसून आले, तेव्हापासून पांढरी साडी आपल्या घरात आली. लग्न पांढऱ्या साडीत, बुद्धपौर्णिमा पांढऱ्या साडीत, वर्षावासातले ग्रंथवाचन पांढऱ्या साडीत. दुसऱ्या समाजाच्या लग्नात लाल-हिरवे शालू असतात, त्यांच्यापुढे मीटरचा एवढा गोंधळ होत नाही. आपल्या कार्यक्रमात नेमके उलटे. सावळे चेहरे आणि भोवती पांढरेशुभ्र कापड. ज्या फोटोग्राफरला हे ठाऊक आहे तो उजेड जाणूनबुजून वाढवून घेतो. ज्याला ठाऊक नाही तो आपल्या रंगाला दोष देतो.

बरे, मीटरचे सोडा. पूर्वीची रंगीत फिल्म तरी सगळ्यांची होती का? कोडॅक कंपनी १९५० च्या दशकापासून रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना फोटो पाठवायची. त्यावर गोरी बाई असायची. तिला सगळे 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कातडी छान दिसली, की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. तपकिरी रंगाच्या छटा त्या फिल्मवर नीट उमटत नसत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ साली यावर लिहिले. कोडॅकमध्ये काम केलेल्या लोकांनी त्यांना सांगितले, की या उणिवेची तक्रार चॉकलेट बनवणाऱ्या आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्या कंपन्यांनी लावून धरली. जाहिरातीत त्यांचे काळे आणि दुधी चॉकलेट एकसारखे दिसायचे, शिसवी आणि फिकट लाकूड वेगळे कळायचे नाही. त्यानंतर फिल्म सुधारली. माणसांसाठी जे आधी झाले नाही ते टेबल-खुर्च्यांसाठी झाले! वेगवेगळ्या वर्णाच्या स्त्रिया असलेले कार्ड यायला १९९० चे दशक उजाडले.

आईला आम्ही हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे चॉकलेटवाले नसते, तर आपण काळेच राहिलो असतो?"

आता रोल गेला, मोबाईल आला. मोबाईलचा मीटर जुन्यापेक्षा शहाणा आहे, तो चेहरा शोधतो. तरी पांढऱ्या घोळक्यापुढे तोही फसतो. उपाय फुकट आहे. फोटो काढण्यापूर्वी पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बऱ्याच मोबाईलवर बाजूला छोटा सूर्य दिसतो. बोट वर सरकवले, की उजेड वाढतो. गालावरची छटा आणि डोळ्यांतली चमक दिसेपर्यंत वाढवा. साडीच्या चुण्या पुसल्या जाऊ लागल्या, की थोडे मागे या. माणसे भर दुपारच्या उन्हात उभी करू नका, डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात. लिंबाच्या सावलीत, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभी करा. त्या मऊ उजेडात सावळ्या चेहऱ्याला जी झाक येते, तिला तोड नाही.

भिंगाची गोष्ट मात्र वेगळी. गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी वस्तीतल्या विहारासमोर महिला मंडळाचा फोटो काढला. पंचवीस-तीस जणी आणि समोर रस्ता अरुंद. आमच्या पुतण्याने मागे न सरता मोबाईलवर ०.५ चे बटण दाबले. सगळ्या मावल्या. पण संध्याकाळी फोटो पाहून दोन टोकांच्या दोन मावश्या रुसल्या. एक म्हणाली, "मला काय आडवी ताणली का रे?"

खरोखरच ताणली होती. ०.५ म्हणजे अतिरुंद भिंग, बहुतेक मोबाईलमध्ये ते सुमारे १२० अंशांचा पसारा पाहते. एवढे रुंद जग सपाट चौकटीत बसवताना कडेच्या वस्तू बाहेरच्या दिशेला ताणाव्याच लागतात. मधली माणसे जशीच्या तशी राहतात, टोकाची जाडी होतात. रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि साध्या १ च्या बटणाने काढायचा, किंवा तीन रांगा करायच्या. मागे सरायला जागाच नसेल तर टोकाला तरणीताठी, सडपातळ पोरे उभी करावीत. त्यांना काही वाटत नाही.

नाकाचेही तसेच. हात लांब करून स्वतःचा फोटो काढला, की नाक फुगलेले दिसते. लोक म्हणतात मोबाईलचे भिंग खराब. भिंगाकडे दोष थोडा आहे, खरा मामला अंतराचा. नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. मोबाईल ३० सेंटिमीटरवर धरला तर कान ४२ वर, म्हणजे नाकाच्या दीडपट नसला तरी जवळजवळ तेवढा लांब. जवळचे मोठे दिसते, लांबचे लहान. तोच मोबाईल पाच फुटांवर नेला, की हा फरक आठ टक्क्यांवर येतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ साली हिशेब मांडून दाखवला, की फूटभर अंतरावरून नाकाचा पाया सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. असे फोटो पाहून तिकडे लोक नाकाची शस्त्रक्रिया करायला येत होते म्हणे! तेव्हा चेहऱ्याचा फोटो दुसऱ्याकडून, पाच-सहा फुटांवरून काढून घ्यावा आणि मोठा हवा असेल तर मोबाईलवर २ चे बटण दाबावे.

जाता जाता आमच्या वाळूजची खास अडचण. सीएनसीवर काम करणाऱ्या पोरांच्या हाताला कायम तेल आणि कूलंट. तोच हात मोबाईलच्या भिंगावर. मग बुद्धवंदनेच्या वेळी मेणबत्त्यांचा फोटो काढला, की ज्योती धुक्यात पेटल्यासारख्या पसरतात. एकाने नवीन मोबाईल घ्यायची तयारी चालवली होती. आम्ही त्याच्या भिंगावर धोतराच्या जुन्या मऊ फडक्याने हात फिरवला. त्याचे पंधरा हजार वाचले, आम्हाला चहा मिळाला.

आता भिंगाच्या मागे काय असते ते पाहू. पूर्वी तिथे फिल्म असायची, आता सेन्सर नावाची चिप असते. तिच्यावर लक्षावधी बारीक खळगे. प्रत्येक खळगा पडलेला उजेड गोळा करून त्याची वीज करतो. पावसात परात ठेवली आणि वाटी ठेवली, तर जास्त पाणी कशात साठेल? जुन्या रोलची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची. साध्या मोबाईलच्या कित्येक सेन्सरची मापे साडेपाच बाय सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास असतात, करंगळीच्या नखापेक्षा लहान. क्षेत्रफळाने छत्तीस-सदतीस पट कमी. मुसळधार पावसात, म्हणजे भर उजेडात, वाटीही भरते. रिमझिम असली, की वाटीत चार थेंब, आणि त्या चार थेंबांवरून अंदाज बांधावा लागतो. संध्याकाळच्या फोटोत रवाळ दाणे दिसतात ते यामुळे.

दुकानदार ५० मेगापिक्सेल, १०० मेगापिक्सेल असे आकडे फेकतो. आपल्याकडे रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूरकडे शेतांचे प्लॉट पडताना सगळ्यांनी पाहिले आहेत. एका एकराचे वीस पाडले काय नि चाळीस पाडले काय, जमीन वाढत नाही, प्लॉट लहान होतात. मेगापिक्सेल म्हणजे प्लॉटची संख्या. बहुतेक ५० मेगापिक्सेलचे मोबाईल शेवटी चार-चार ठिपके एकत्र करून साडेबाराचाच फोटो देतात. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. खळग्याला रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून प्रत्येकावर हिरवी, लाल किंवा निळी काच बसवतात. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. कोडॅकच्याच ब्राइस बायर यांनी १९७६ साली या मांडणीचे पेटंट मिळवले. प्रत्येक ठिपक्यावर एक रंग मोजलेला, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढलेले. फोटोतला दोन तृतीयांश रंग हा असा अंदाजपत्रकी असतो!

हे सगळे आम्हाला खरे उमगले ते अजिंठ्याला.

गेल्या हिवाळ्यात वस्तीतली तीस-पस्तीस माणसे गाडी करून गेलो. पहिल्या क्रमांकाच्या लेणीत चपला काढून आत शिरलो, तेव्हा बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे प्रथम काहीच दिसेना. रंगांवर परिणाम होऊ नये म्हणून आत फ्लॅशला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. हळूहळू डोळे सरावले आणि गाभाऱ्याच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्व दिसू लागला. हातात कमळ, मान किंचित कललेली, पापण्या खाली. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे चित्र. आईने हात जोडले. पोरांनी मोबाईल काढले. फोटो मात्र लाल-तपकिरी चिखलासारखे आले.

आमच्या मुलीने तेव्हा विचारले, "डोळ्यांना दिसतं ते मोबाईलला का दिसत नाही?" कारण वाटीत थेंब कमी. मग तिला सांगितले, की कठड्यावर कोपर टेक, रात्रीच्या फोटोचे बटण दाब आणि तीन सेकंद श्वास रोखून धर. मोबाईल तेवढ्या वेळात अनेक फोटो घेतो आणि त्यांची बेरीज करतो. चौथ्या प्रयत्नात पद्मपाणीची भुवई आली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनॉय बहल यांनी इथली चित्रे टिपली. त्यांनीही प्रखर दिवे लावले नव्हते, असलेल्याच अंधुक उजेडात बराच वेळ झडप उघडी ठेवली होती. त्यांचे पुस्तक १९९८ साली निघाले.

त्याही आधीचा माणूस म्हणजे मेजर रॉबर्ट गिल. १८४० च्या दशकात तो अजिंठ्याला आला आणि वर्षानुवर्षे भित्तिचित्रांच्या नकला तैलरंगांत काढत बसला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली, तीत त्याची बहुतेक चित्रे जळून गेली. गिल कॅमेराही वापरायचा. त्याने काढलेले ७४ फोटो १८६४ साली फर्ग्युसन यांच्या पुस्तकात छापले गेले. मग भित्तिचित्रांचे फोटोच का काढून ठेवले नाहीत? अंधार हे एक कारण. पण दुसरे कारण ऐकण्यासारखे आहे. त्या काळच्या ओल्या रसायनाच्या काचांना फक्त निळा उजेड कळायचा. तांबडा आणि पिवळा त्यांच्या लेखी अंधारच. आणि अजिंठ्याचा जीव आहे गेरूत आणि पिवळ्या मातीत! त्या काचेवर अजिंठ्याचे तांबूस अंग काळेच उमटले असते. हाडामांसाच्या सावळ्या माणसांचेही तेच व्हायचे. कातडीतला तांबूसपणा काचेला दिसायचाच नाही. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंतली आपली माणसे आहेत त्यापेक्षा काळी दिसतात, त्याला हेही एक कारण आहे.

पद्मपाणीच्या जवळच एक सावळी स्त्री रंगवलेली आहे. पुस्तकांत तिला काळी राजकन्या म्हणतात. चित्रकाराने तिला उजळ करण्याची काही खटपट केलेली नाही. आई तिच्यासमोर बराच वेळ थांबली. पहारेकरी पुढे चला म्हणाला तेव्हा हलली.

आता हे लिहायला बसण्याचे खरे कारण.

आमच्या गल्लीतल्या एका कामगाराची मुलगी डी.एड. झालेली आहे. सावळी, हुशार. वधू-वर मेळाव्यासाठी परिचयपत्र करायचे म्हणून स्टुडिओत फोटो काढला. कोणी न सांगता त्या स्टुडिओवाल्याने चेहरा गोरा करून, गाल घासून, हनुवटी बारीक करून दिला. घरच्यांनाही तो आवडला, खोटे कशाला सांगा. स्थळ आले. मुलाची आई एकदा मोबाईलकडे पाही, एकदा मुलीकडे. शेवटी म्हणाली, "फोटोत उजळ दिसत होती." मुलगी चहाचा ट्रे घेऊन आत गेली ती बाहेर आली नाही. पाहुणे गेल्यावर वडिलांनी तिलाच विचारले, की तू पावडर लावली नव्हतीस का?

स्वतः फोटो काढला असता तरी फार वेगळे झाले नसते. कित्येक मोबाईलमध्ये समोरच्या कॅमेऱ्यावर सौंदर्याचे बटण दुकानातूनच चालू करून येते. त्वचा घासणे, रंग उजळणे, डोळे मोठे करणे, सगळे आपोआप. पूर्वीची फिल्म सावळ्या माणसाला काळे करायची, आताचे यंत्र गोरे करते. आहे तसे ठेवायला दोघेही तयार नाहीत. अपवाद होऊ लागले आहेत. गूगलने २०२१ साली आपल्या मोबाईलमध्ये सावळ्या-काळ्या त्वचेचे रंग नीट यावेत म्हणून वेगळी व्यवस्था केली. ते मोबाईल आपल्या खिशाला परवडणारे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

मागच्या रविवारी आम्ही त्या मुलीला विहाराशेजारच्या लिंबाखाली उभे केले. साडी पांढरीच, निळ्या काठाची. तिची आई सांगत होती, की पावडर तरी लाव, निदान उन्हात तरी उभी राहा. आम्ही सहा फुटांवर उभे राहिलो, भिंग पुसले, सौंदर्याचे बटण बंद केले, २ चे बटण दाबले, तिच्या गालावर बोट टेकवून सूर्य किंचित वर सरकवला. पहिल्या दोन फोटोंत ती अवघडली होती. तिसऱ्या वेळी आमच्या मुलीने मागून काहीतरी बोलून तिला हसवले.

फोटो पाहून तिची आई गप्प राहिली. मग म्हणाली, "ही तर आमचीच हाय." मुलीने मोबाईल हातात घेतला, बोटांनी चेहरा मोठा करून पाहिला आणि आधीचा फोटो परिचयपत्रावरून काढून टाकायला सांगितले.

जालन्याहून एक स्थळ येते आहे. मुलगा पोस्टात आहे. त्यांना हाच फोटो पाठवला आहे.